अक्काचा खोकला

अक्का माझ्याकडे पहिल्यांदा आली ती पायाचं दुखणं घेऊन, आणि मी लागले तिच्या खोकल्याच्या मागे.

खोकला तरी कसला? कोरडा, बारीक. दोनदा घसा साफ केल्यासारखं करायची, थांबायची, आणि जरा वेळाने पुन्हा तेच. रस्त्यावर राहणाऱ्यांची मलमपट्टी करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे खोकला ऐकला की माझे कान टवकारतात. थुंकी तपासायला पाठवली, काही नाही. पुन्हा पाठवली, तरी काही नाही. छातीचा फोटो काढला, तोही स्वच्छ. आठवड्यातून एकदा येणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, हिची छाती माझ्यापेक्षा धड आहे. तुम्ही आपला पाय बघा."

पाय बघण्यासारखाच होता. उजव्या अंगठ्याखाली तळव्याला बोराएवढी जखम, कडा पांढऱ्या आणि फुगलेल्या, आतून ओल. साखरेच्या आजाराने पायाची जाणीव गेलेली, म्हणून दुखत काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं अक्काचं म्हणणं. या आजारात सगळं उलटं असतं; दुखेनासं झालं की घाबरायचं. मी समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही बोलता छान, सिस्टर."

"छान बोलून पाय राहत नाही, अक्का. पट्टी मी करीन, गोळ्या मी देईन. तुम्ही फक्त रात्रभर आडव्या पडा आणि पायाखाली दोन उशा घ्या. पाय वर राहिला की सूज उतरते, सूज उतरली की जखम भरते. नाहीतर पाय जाईल."

"आडवी पडू कुठे?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. अक्का तेव्हा एका बंद पडलेल्या सिनेमाघराच्या पायऱ्यांवर राहत होती. आमची दवाखान्याची गाडी दुपारी त्या बाजूला फिरायची, तिथेच ती मला सापडली होती.

आता आमच्या घराबद्दल सांगते. घर म्हणजे तीन मजल्यांची जुनी इमारत. एके काळी तिथे शिकाऊ नर्सेस राहायच्या. आता रस्त्यावरची आजारी माणसं राहतात. खाली माझा दवाखाना, औषधांची खोली, कपडे धुवायची जागा आणि मोठं न्हाणीघर. बाकी सगळ्या राहायच्या खोल्या. पूर्वी आम्ही माणसाला दवाखान्यात बरं करायचो आणि परत फुटपाथवर सोडायचो, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चार दिवसांत तोच माणूस तीच जखम घेऊन हजर. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की आधी दार द्यावं, मग औषध. एकाच छपराखाली दोन्ही. तेव्हापासून माझ्या पट्ट्या जरा टिकायला लागल्या.

पण खोल्या थोड्या आणि माणसं फार. म्हणून नियम. जो जास्त आजारी त्याला आधी खोली. एका खोलीत एकच माणूस. आणि मिळालेली खोली रात्रीची रिकामी राहायला लागली, तर ती रांगेतल्या पुढच्याला. हे नियम सांभाळणारे आमचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, हे सरळ माणूस. एवढे सरळ, की कधीकधी वाटतं, यांना धरून रेघ मारता येईल.

साहेबांनी अक्काला विचारलं, "बरोबर कोणी आहे? नवरा, मूल, बहीण, भाऊ?"

"कोणी नाही," अक्का ठणकावून म्हणाली. मी शेजारीच उभी होते.

तिला खोली मिळाली. पायाकडे बघून तळमजल्यावरची, आणि तीही सगळ्यात चांगली, मागच्या अंगाची. गेटचा खडखडाट नाही, रस्त्याचे आवाज नाहीत, खिडकीबाहेर नुसती भिंत आणि तिच्यावरून पळणारी मांजरं. त्या खोलीवर कितीतरी जणांचा डोळा होता. मी स्वतः गादीवर चादर घातली, पायथ्याशी दोन उशा ठेवल्या. अक्काने खोलीभर नजर फिरवली, खिडकीतून भिंत पाहिली आणि म्हणाली, "इथून काही ऐकू येत नाही."

"तेच तर चांगलं आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीचा ट्रे घेऊन गेले तर चादरीला एक सुरकुती नव्हती. उशा मी ठेवल्या तशाच. अक्का बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून पेंगत होती, पाय खाली सोडलेले, घोट्यापर्यंत सूज. पेंगताना तिची पाठ बाकाला टेकलेली नव्हती. तिची पाठ कधीच कशाला टेकत नसे, हे मी हळूहळू पाहिलं. खुर्चीत बसली तरी अर्ध्यावर, ताठ. पट्टी सोडली, तर आतला कापूस ओलाचिंब.

असंच रोज. मी रोज रागवायची. राग आला की माझं 'अहो अक्का' गळून पडतं आणि 'अगं बाई' सुरू होतं. अक्काला त्याचं काही नव्हतं. पट्टी होईपर्यंत ती इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायची, आणि मधेच ते खोकणं.

तिच्या गोष्टींतून मला तिचं आयुष्य तुकड्यातुकड्याने कळलं. अक्का ही रात्रपाळीची बाई. घरोघरी अंथरुणाला खिळलेली माणसं असतात, दिवसा त्यांचं करायला घरचे असतात, पण रात्री कुणी जागायचं? तिथे अक्का. संध्याकाळी जायचं, आजारी माणसाच्या उशाशी बसायचं, पाणी पाजायचं, कूस बदलायची, सकाळी घरच्यांच्या हवाली करून निघायचं. एका घरचं माणूस गेलं की दुसऱ्या घरी. कुणी बरं होऊन उठलं असं फारसं घडत नसे. तिला बोलावणं यायचं तेच शेवटी शेवटी. "मी आले की लोक समजायचे," ती हसून सांगायची. "शेजारीपाजारी मला बघून दार लावून घ्यायचे."

शेवटचे एक आजोबा बरेच दिवस चालले. त्यांच्याकडे ती राहायलाच होती. जेवणखाण तिथेच, जिन्याखाली झोपायची जागा. आजोबा गेले. परगावची मुलं आली, सगळं नीट केलं, घराला कुलूप लावलं, आणि कुलूप लावताना अक्का कुलपाच्या बाहेर होती. माणसं वाईट नव्हती, असं ती सांगते. जाताना तिच्या पाया पडली. फक्त ही बाई इथे राहते म्हणजे दुसरीकडे कुठेच राहत नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पुढे वयाकडे बघून नवीन घरी कुणी ठेवेना. मग पायऱ्या.

हे सगळं ती सांगायची. फक्त रात्री कुठे असतेस, एवढं विचारलं की तोंडाला कुलूप.

रात्री ती घरात नसते हे मला गेटकाकांनी सांगितलं. गेटकाका म्हणजे आमचे वॉचमन. घरात काय चाललंय ते साहेबांच्या आधी त्यांना कळतं. "दिवे लागले की निघते," ते म्हणाले, "आणि सकाळी उगवते. विचारलं तर म्हणते, जरा फेरी मारून येते. एवढी मोठी फेरी? तेवढ्यात माणूस दुसऱ्या गावाला जाऊन येईल."

साहेबांना वाटलं, दारू. असं होतं कधीकधी; खोली मिळाली तरी पाय जुन्या अड्ड्याकडे वळतात. सकाळी मी मुद्दाम जवळ जाऊन अक्काच्या तोंडाचा वास घेतला. नुसता दंतमंजनाचा. साहेब म्हणाले, "सिस्टर, कारण काही असो. खोली रिकामी राहते आहे. बाहेर एक बाई ऑक्सिजन लावून दुसऱ्याच्या पडवीत पडली आहे, तिला मी काय सांगू? महिनाअखेरपर्यंत बघतो."

त्यांचंही खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप आला. समोरचा चुकीचा असला की भांडायला बरं पडतं.

त्या संध्याकाळी काम संपल्यावर मी घरी न जाता सिनेमाघराकडे वळले. आज हिला रंगेहाथ पकडायचीच, असं ठरवून. दिवे लागून बराच वेळ झाला होता. तिकीट खिडकीच्या खाली अक्का बसली होती, ताठ, पाय पायरीवरून खाली सोडलेले, माझी सकाळची पट्टी धुळीने काळी. तिच्या मागे, भिंतीच्या आणि तिच्या मधल्या जागेत, एक तिशीची बाई कमरेपर्यंत चादर घेऊन गाढ झोपली होती. अंगात खानावळीचा ओला एप्रन तसाच.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्काने ओठावर बोट ठेवलं. मी आयुष्यभर लोकांना गप्प करत आले. मला असं कुणी गप्प केलं नव्हतं.

"ही कोण?" मी कुजबुजले.

"धाकटी."

"तुमची बहीण? मग साहेबांना कोणी नाही म्हणून का सांगितलं?"

"बहीण नाही. मी तिला धाकटी म्हणते, ती मला अक्का म्हणते. आणि कोणी आहे म्हणालं की तुम्ही लोक त्या कोणाकडे पाठवून देता. रस्त्यावर पोरंसोरंही सांगतील तुम्हाला. विचारलं की म्हणायचं, कोणी नाही."

खरं होतं. तसं पाठवतातही. मी स्वतः दोघांतिघांना असं त्यांच्या घरच्यांकडे पाठवलं होतं आणि ते परत आले होते.

मग तिने सांगितलं. धाकटी पहाटे उठून खानावळीत भांडी घासायला जाते, दिवसभर राबते आणि अंधार पडला की मेल्यासारखी झोपते. कानाशी ढोल वाजवा, उठायची नाही. तिला पायऱ्यांवर येऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा एकदा कुणीतरी झोपेत तिच्या अंगावरची चादर ओढली. चादरच ओढली, असं अक्का म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. त्यानंतर धाकटी झोपेचीच धास्ती घेऊन बसली. तेव्हा अक्का तिला म्हणाली, मला असंही रात्री झोपायची सवय नाही, तू झोप, मी जागते. माझा धंदाच आहे तो. तेव्हापासून हे असं.

"आणि मग हा खोकला?"

अक्का ओशाळली. "तो तर धंद्यातला आहे. रात्रीच्या बाईने मधूनमधून खोकायचं असतं, सिस्टर. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही, नाहीतर आजारी माणसाची झोपमोड. नुसतं हळू खोकायचं. त्याला झोपेत कळतं, कोणीतरी जागं आहे. हिलाही कळतं. आता सवयच लागली, दिवसाही येतो. तुम्ही थुंकी मागितलीत, मला वाटलं तुमचा काही नियम असेल, म्हणून दिली."

मी कपाळाला हात लावला. मग माझी नजर तिच्या पायावर गेली आणि पुन्हा टाळकं फिरलं. "अगं बाई, पण हे असे पाय लोंबकळत ठेवून रात्रभर बसतेस! खोली आहे, गादी आहे, उशा आहेत. पाय जाईल तुझा!"

"जाऊ दे. पाय माझा आहे. ही दुसऱ्याची लेक आहे."

"खोली? कुठली खोली?"

हे धाकटी म्हणाली. ती उठून बसली होती. ढोलानेही न उठणारी बाई आमच्या कुजबुजीने उठली नव्हती. बोलण्याच्या नादात अक्का खोकायची थांबली होती, म्हणून उठली होती.

अक्काने तिला खोलीचं सांगितलंच नव्हतं. दिवसा दवाखान्यात पट्टी करायला जाते, एवढंच. सांगितलं असतं तर धाकटीने तिला धक्के मारून तिथे पाठवलं असतं, हे तिला माहीत होतं. आणि पुढे झालंही तसंच. धाकटी तिला एवढी बोलली, एवढी बोलली, की मला तिची शिकवणी लावावीशी वाटली. "तुला गादी मिळालीय आणि तू इथे सडतेस? माझ्यासाठी? मी काय कुकुलं बाळ आहे? ऊठ!" आणि मग रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले. धाकटीलाही घरात घ्या, म्हटलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. धाकटी धडधाकट. तिच्यापुढे रांगेत आजारी माणसं. एकाच माणसाचा नियम सोडून दोघींना एका खोलीत ठेवायचं तर नातं हवं. नातं काय दाखवायचं? एक झोपते आणि एक जागते, हे नातं त्यांच्या नियमांत बसत नव्हतं. शेवटी त्यांनी आपल्या ओळखीने धाकटीला बायकांच्या रात्रनिवाऱ्यात जागा मिळवून दिली. लांबलचक दालन, ओळीने पथाऱ्या, अनोळखी बायकांची ये-जा. धाकटी तिथे गेली, पण तिचा डोळा लागेना. इकडे मागच्या खोलीत अक्काचाही लागेना. काही दिवस दोघींनी एकमेकींना खोटं सांगितलं, मस्त झोप लागते म्हणून. मग एका सकाळी अक्काची चादर पुन्हा बिनसुरकुतीची दिसली आणि मी समजले, दोघी पायऱ्यांवर परत गेल्या.

पुढचं व्हायचं ते झालं. अक्का सकाळी आली ती अंगात ताप घेऊन, आणि पट्टी सोडायच्या आधीच मला वास आला. अंगठा काळा पडला होता, शेजारचं बोट निळं. तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि तिथे अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कापलं.

हॉस्पिटलात रात्री सोबतीला बाई हवी होती. धाकटी म्हणाली, मी आहे. ती दिवसभर भांडी घासून आली आणि अक्काच्या कॉटखाली पथारी टाकून जी झोपली ती सकाळपर्यंत. वर अक्का उशाला टेकून जागी, मधूनमधून खोकते आहे. पेशंट जागी आणि सोबतीण झोपलेली, असं त्या वॉर्डात आधी कुणी पाहिलं नव्हतं. तिथल्या नर्सने अक्काची थुंकी तपासायला पाठवली, हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

अक्का परत यायच्या आधी साहेब स्वतःच माझ्याकडे आले. उभ्या-उभ्याच म्हणाले, "सिस्टर, ज्याला चालता येत नाही त्याच्या खोलीत काळजी घेणारं एक माणूस राहू शकतं. तशी तरतूद आहे. नातं लागत नाही."

"म्हणजे आता चालेल?"

"आता चालेल."

"आधी नव्हतं चालत."

"आधी तिला चालता येत होतं," साहेब म्हणाले आणि खाली बघत राहिले. नियम वाकायला दोन बोटं लागली, हे त्यांनाही कळत होतं. त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी गेले.

अक्का आली ती एक हट्ट घेऊन. मागची खोली नको, गेटजवळची द्या. गेटजवळ खोली नव्हतीच. होती ती अडगळ; मोडक्या कॉटी, चाकं गेलेल्या खुर्च्या आणि त्यांच्या आड गेटकाकांची चहाची शेगडी. रस्त्याचा सगळा आवाज तिथे आत यायचा. फुकट दिली तरी कुणी घेतली नसती. साहेब म्हणाले, चांगली खोली सोडून ही? अक्का म्हणाली, "चांगल्या खोलीत ऐकू येत नाही. कोण आलं, कोण गेलं, कळायला नको?" शेगडी हलवायला लागली म्हणून गेटकाका फुगून बसले. मग अक्कानेच त्यांना पहिला चहा करून पाजला आणि तह झाला. ऑक्सिजनवाली बाई मागच्या खोलीत आली. शांततेचं तिने फार कौतुक केलं.

आता दार होतं, आतून कडी होती, बाहेर गेटकाका होते, धाकटी तीन हातांवर झोपलेली होती. मला वाटलं, जिंकलो. तर गेटकाकांनी बातमी आणली. अक्का रात्रभर खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असते. पाय खाली.

मी तिला विचारलं, आता कशाला? तिलाही सांगता येईना. "आडवी पडते हो. पण डोळे मिटले की वाटतं, सगळेच झोपले तर कसं? कोणीतरी जागं नको?"

डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले. कडा पुन्हा ओल्या झाल्या होत्या. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "अक्का, हे असंच राहिलं तर पुढचं कापणं घोट्याच्या वर असेल. तिथून पुढे चालणं नाही." अक्काने मान हलवली, जशी ती नेहमी हलवते. धाकटी त्या दिवशी खानावळीतून सुट्टी घेऊन माझा ट्रे धरून शेजारी उभी होती. तिने मान हलवली नाही.

त्यानंतर धाकटीने खानावळीत दुपारची पाळी मागून घेतली. का, ते कुणाला सांगितलं नाही. अक्काकडे मात्र तिने काहीबाही चौकशा सुरू केल्या, मी पट्टी करताना ऐकायची. जागताना झोप आली तर काय करायचं? अक्का खुशीत सांगायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला तिच्या धंद्याचं विचारत होतं. पाठ टेकायची नाही. पोटभर जेवायचं नाही. ओलं फडकं जवळ ठेवायचं, डोळ्यांवरून फिरवायचं. पहाट व्हायच्या आधीचा वेळ सगळ्यात वाईट, तेव्हा उभं राहायचं. "पण तुला कशाला हे?" अक्का विचारायची. "तुला कुंभकर्णाचा वर आहे."

मग ती सकाळ. मी नेहमीप्रमाणे ट्रे घेऊन निघाले. पट्टीची माझी वेळ ठरलेली असते आणि ती मी कुणासाठी बदलत नाही, हे घरातल्या भिंतींनाही माहीत आहे. गेटच्या बाजूला वळले आणि ऐकू आलं, खोकणं. कोरडं, बारीक, दोनदा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आजही ही बया रात्रभर बसलीच! आज हिची काही खैर नाही, असं म्हणत मी पाय उचलला.

खोकणं खोलीतून येत नव्हतं. दाराबाहेर स्टुलावर धाकटी बसली होती. ताठ. पाठ भिंतीपासून वीतभर दूर. मांडीवर ओलं फडकं, डोळे लालभडक. मला बघून तिने ओठावर बोट ठेवलं. या दोघींनी मला गप्प करायचा विडाच उचलला होता.

"झोपलीय," ती म्हणाली. घसा इतका बसला होता की शब्द धड उमटत नव्हते.

दार किलकिलं होतं. मी आत डोकावले. अक्का कॉटवर उताणी, तोंड उघडं, घोरत होती. पाय दोन उशांवर. चादर पार चुरगळलेली.

"कधीपासून?"

"रात्रीपासून. आधी मी नुसती बसले, सांगितलं की आजपासून माझी पाळी. तिला पटेना. सारखी डोकं वर करून बघायची, मी झोपले की काय म्हणून. झोपतही होते मी, खोटं कशाला बोलू. मग मी दाराबाहेर येऊन उभी राहिले आणि खोकायला लागले. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं. मग थांबायची भीती वाटायला लागली, सिस्टर."

दार होतं तसंच किलकिलं ठेवून मी मागे सरले.

धाकटीने गळ्याला हात लावला. "जरा पाणी पिऊन तोंड धुऊन येऊ? पण तोवर..." तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दवाखान्यासमोर माणसं येऊन बसली होती. आधी सगळ्यांची साखर तपासायची होती, मग इंजेक्शनं द्यायची होती. मी धाकटीला मानेनेच जा म्हटलं आणि स्टुलावर बसले, ट्रे मांडीवर घेऊन. ती नळाकडे गेली. व्हरांड्यात शांत झालं.

आतलं घोरणं अडखळलं. कॉट करकरली. अक्काने डोकं उचललं असावं.

मी भिंतीपासून पाठ सोडवून ताठ बसले आणि खोकले. हळू, दोनदा.

आत पुन्हा घोरणं सुरू झालं.